बायबलमधली राखण आणि वऱ्हाडातली जागल

आकाशवाणीवरून ख्रिस्ती माणसाला बोलावणे येते ते सहसा डिसेंबरात. नाताळ तोंडावर आला की येशूचा जन्म, प्रेम, क्षमा, शांती यांवर दहा-पंधरा मिनिटे बोलायचे, आणि मग वर्षभर कोणी विचारत नाही. या वेळी बोलावणे आले ते पर्यावरण दिनाच्या सुमारास, आणि विषय दिला ‘ख्रिस्ती श्रद्धा आणि निसर्गाची काळजी’. मी हो म्हणालो. घरी आल्यावर मुलगा म्हणाला, “बाबा, या विषयावर आपल्या चर्चमध्ये तरी कधी कोणी बोलतं का?”

प्रश्न खोचक होता, पण खोटा नव्हता. आमच्या उपासनेत पावसासाठी प्रार्थना होते. आजाऱ्यांसाठी, परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी, सरकारसाठीही होते. आटलेल्या विहिरीसाठी किंवा तोडल्या जाणाऱ्या झाडासाठी झालेली प्रार्थना मला आठवेना. म्हणून आज मी जे सांगणार आहे ते उपदेशकाच्या जागेवरून नव्हे. आमच्याच ग्रंथात असलेली आणि आम्हीच बाजूला ठेवलेली एक गोष्ट मी तुमच्यासमोर उलगडून पाहणार आहे.

आधी आमच्यावरचा आरोप सांगतो. १९६७ साली लिन व्हाइट नावाच्या अमेरिकन इतिहासकाराने ‘सायन्स’ या नियतकालिकात एक लेख लिहिला. तो स्वतः ख्रिस्तीच होता. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्माने माणसाला सृष्टीच्या डोक्यावर बसवले. झाडात, ओढ्यात, डोंगरात देवत्व मानणाऱ्या जुन्या समजुती मोडून काढल्या. त्यामुळे निसर्ग वाटेल तसा वापरायला माणूस मोकळा झाला आणि आजचे संकट त्यातून उभे राहिले. त्याचा रोख बायबलच्या पहिल्याच पानावर होता. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव माणसाला पृथ्वीवर, समुद्रातल्या माशांवर आणि आकाशातल्या पाखरांवर सत्ता देतो. सत्ता हा शब्द आपल्याला चांगला माहीत आहे. सत्ता मिळाल्यावर माणसे काय करतात ते निवडणूक झाली की दिसतेच.

व्हाइटचा आरोप मी झटकून टाकणार नाही. त्या एका शब्दाचा आधार घेऊन जंगले साफ करणारे, खाणी खोदणारे आणि वर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे लोक जगात पुष्कळ होऊन गेले. मात्र व्हाइटने एक पान उलटले असते तर बरे झाले असते असे मला वाटते. त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात माणसाच्या निर्मितीची गोष्ट पुन्हा येते आणि तिथला सूर वेगळा आहे. देव माती घेतो आणि तिच्यातून माणूस घडवतो. मूळ हिब्रू भाषेत मातीला ‘अदामा’ म्हणतात आणि तिच्यापासून झालेला तो ‘आदाम’. मराठीत सांगायचे तर मातीतला मातकर. या मातकराला देव एका बागेत नेऊन ठेवतो आणि दोन कामे देतो. पहिले काम ‘आवाद’, म्हणजे जमीन कसणे. याच क्रियापदाचा दुसरा अर्थ सेवा करणे असाही होतो. दुसरे काम ‘शामार’, म्हणजे सांभाळणे, जपणे, पहारा देणे. आपल्या मराठी बायबलात या ठिकाणी मशागत आणि राखण असे दोन शब्द आहेत. ज्या कोणी ते निवडले त्यांना शेतीची चांगली जाण असली पाहिजे.

राखण म्हणजे काय हे वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. ज्वारी निसवली की आमच्याकडे पूर्वी पहाटेपासून पोरे मचाणावर चढत, हातात गोफण, आणि ओरडून ओरडून पाखरे उडवत. रात्रीची ती जागल. हरभरा घाट्यावर आला, तूर शेंगांवर आली की वावरात रोही घुसतात, रानडुकरे घुसतात. एका रात्रीत अर्धा एकर लोळवून जातात. मग शेतकरी कांबळे, बॅटरी आणि डबा वाजवायला काठी घेऊन वावरात जातो. थंडी असते, डास असतात, साप-विंचवाचे भय असते. दुसऱ्या दिवशी पुन्हा काम असतेच. राखणीत झोप जाते, हे तिचे पहिले लक्षण. आणि राखण पुष्कळदा दुसऱ्याच्या मालाची असते. सालदार मालकाच्या पिकाची जागल करतो, म्हणून पीक त्याचे होत नाही.

बायबल माणसाला नेमकी हीच जागा देते. लेवीय या पुस्तकात देव इस्राएल लोकांना जमिनीबद्दल बजावतो, की ती कायमची विकू नका, कारण ती माझी आहे आणि तुम्ही माझ्याकडे राहणारे परके आहात. आपल्या भाषेत सांगायचे तर सातबारा देवाच्या नावे आहे, आपण बटईदार. बटईदाराला पिकाचा वाटा मिळतो. वावर विकण्याचा, त्यातली माती खणून नेण्याचा किंवा धुऱ्यावरचा निंब तोडून लाकूड खपवण्याचा हक्क त्याला नसतो. पहिल्या अध्यायातली सत्ता या चौकटीत ठेवून वाचायची असते. तिथे जो हिब्रू शब्द आहे, तोच ७२ व्या स्तोत्रात राजाच्या राज्याबद्दल आला आहे, आणि त्या राजाचे काम काय, तर गरिबाचा न्याय करणे आणि निराधाराला वाचवणे.

‘शामार’ या शब्दाची आणखी एक गंमत आहे, खरे म्हणजे गंमत नाही, धक्का आहे. बागेच्या गोष्टीनंतर दोनच अध्यायांनी काइन आणि हाबेल या भावांची गोष्ट येते. काइन शेतकरी, हाबेल मेंढपाळ. काइन हाबेलला वावरात नेऊन मारतो. देव विचारतो, तुझा भाऊ कुठे आहे? तेव्हा काइन उलट विचारतो, की मी काय त्याचा राखणदार आहे? शब्द तोच, बागेच्या राखणीचा. आणि त्या गोष्टीत भावाच्या रक्ताची फिर्याद देवाकडे कोण नेते? जमीन नेते. म्हणजे जमिनीची राखण आणि भावाची राखण ही दोन वेगळी कामे आहेत असे बायबल मानतच नाही.

मला २०१७ सालचा पावसाळा आठवतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी आणि शेतमजूर मेले. कित्येकांच्या डोळ्यांना इजा झाली. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, हवा दमट, हातमोजे नाहीत, तोंडाला साधा रुमाल, आणि जहाल औषधे एकमेकांत मिसळून मारलेली. मेलेल्यांत रोजाने फवारणी करणारे मजूर होते. त्या आठवड्यात आमच्या प्रार्थनेत त्यांचा उल्लेख झाला की नाही, मला सांगता येणार नाही. झाला असेल तर आजाऱ्यांच्या यादीत झाला असेल. तो मातीचा आणि भावाचा एकत्र प्रश्न आहे असे मलाही तेव्हा सुचले नव्हते.

मोशेच्या नियमशास्त्रात शेतीचे इतके बारीक नियम आहेत की वाचताना वाटते, हे एखाद्या अनुभवी शेतकऱ्याने लिहिले असावे. घरट्यात पिले किंवा अंडी असतील तर आईला पिलांसकट पकडू नये. शहराला वेढा घातला, लढाई कितीही लांबली, तरी तिथली फळझाडे तोडू नयेत. मळणी करणाऱ्या बैलाच्या तोंडाला मुसके बांधू नये. हा शेवटचा नियम मी एकदा शब्बाथ शाळेतल्या मुलांना सांगत होतो, तेव्हा खेड्यातून आलेला एक मुलगा पटकन म्हणाला, “सर, म्हणजे हा पोळाच झाला!” पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, त्याची खांदेमळणी होते, त्याला पुरणपोळी देतात. चौथ्या आज्ञेत शब्बाथाची विश्रांती सांगितली आहे ती केवळ घरमालकासाठी नाही. चाकर, परका, बैल आणि गाढव यांनाही ती लागू आहे. मुलाचे उत्तर माझ्या पाठापेक्षा चांगले होते.

विश्रांती जमिनीलाही आहे. सहा वर्षे पेरा, सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवा, त्या वर्षी आपोआप उगवेल ते गरिबांनी खावे आणि उरेल ते रानच्या जनावरांनी. पाच एकरांवर घर चालवणाऱ्या आमच्या शेतकऱ्याला कोणी असे सांगितले तर तो हात जोडेल, आणि त्याचे चूक नाही. पण त्यामागचा विचार आपल्याला नुकताच फार महाग पडून शिकावा लागला. २०१७ सालीच महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरून टाकली. बोंडे बाहेरून हिरवी, आत सडलेली. २००२ पासून आलेल्या बीटी कपाशीला ही अळी सरावली, हे एक कारण. दुसरे कारण फरदड. वेचणी संपल्यावरही पाणी देऊन कपाशी मार्च-एप्रिलपर्यंत उभी ठेवायची आणि आणखी दोन-चार क्विंटल काढायचे. अळीला बाराही महिने खायला मिळाले. तेव्हापासून कृषी खाते सांगत आहे, की फरदड घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत पीक काढून पऱ्हाट्या नष्ट करा, वावर काही महिने कपाशीशिवाय मोकळे राहू द्या. अळीची साखळी त्यानेच तुटते. पडीक ठेवणे म्हणजे आळस नव्हे, ते शेतीचेच एक काम आहे, हे लेवीयाच्या लेखकाला ठाऊक होते.

आणि सरवा. हा शब्द आता शहरातल्या मुलांना ठाऊक नाही. पीक काढून नेल्यावर वावरात जी कणसे, शेंगा, बोंडे राहून जातात ती वेचायची, तो सरवा. बायबलमधली रूथ ही मवाब देशातून आलेली विधवा, सासूला घेऊन उपाशीपोटी बेथलेहेमात येते आणि बवाज नावाच्या शेतकऱ्याच्या वावरात सरवा वेचते. तो तिचा हक्क असतो, भीक नव्हे. कारण नियमच असा आहे, की वावराच्या कडाकोपऱ्यापर्यंत कापणी करू नका, खाली पडलेले गोळा करायला परत जाऊ नका, ते गरिबांचे आणि परक्यांचे आहे. याच रूथच्या वंशात पुढे दावीद राजा आणि त्याच्या वंशात येशू जन्मला. आमच्या गावाकडेही भूमिहीन बायका सरवा वेचत आणि त्यावर महिना-दीड महिन्याची ज्वारी घरात येई. आज सोयाबीनची कापणी, मळणी यंत्राने होते, काही ठिकाणी हार्वेस्टर फिरतो, आणि मागे राहिलेले दाणे वेचायला कोणाला आत येऊ देत नाहीत. थोडे मागे सोडणे ही पर्यावरणाची गोष्ट आहे की गरिबीची? बायबलमध्ये हा प्रश्न पडत नाही.

माझे आजोळ अकोला जिल्ह्यातल्या खारपाण पट्ट्यात आहे. ज्यांना हा पट्टा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे. माती काळीभोर, खोल, पाहणाऱ्याला वाटावे सोने पिकेल. पण भूगर्भातले पाणी खारे. विहीर खोदली तर पाणी लागते, पण ते पिता येत नाही आणि पिकालाही देता येत नाही. दिलेच तर त्यातल्या सोडियममुळे माती चिवट होते. पावसात चिखल, उन्हात दगड, आणि पाणी खाली मुरणे बंद. म्हणून इथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पावसाच्या पाण्यावर जगला. बांध घालून पावसाळ्यात वावरात ओल धरायची आणि त्या ओलीवर रब्बीचा हरभरा घ्यायचा. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही या भागासाठी शेततळी आणि पडलेले पाणी जागीच मुरवण्याच्या पद्धती सांगत आले आहे.

माझा मामा एकदा बोअर मारायचे म्हणून हटून बसला होता. आजोबा खाटेवरूनच म्हणाले, “मार बापा, पर खाली देवानं मीठ ठेवलं हाय. ते वर काढून वावरात टाकशीन त मंग कोनाले दोष देशीन?” बोअर मारले नाही. आजोबा काही धर्मशास्त्र शिकलेले नव्हते. जमिनीला मर्यादा आहे आणि ती आपल्याला विचारून ठरलेली नाही, एवढे त्यांना कळत होते.

या गावातल्या मंडळीत दरवर्षी हंगामाचा सण होतो. उपकारस्तुतीचा हा सण बहुतेक मराठी चर्चमध्ये असतो. पिकाचा पहिला वाटा लोक देवापुढे आणून ठेवतात आणि उपासना झाल्यावर बाहेर अंगणात त्याचा लिलाव होतो. हा लिलाव म्हणजे हास्यविनोदाचा कार्यक्रम. एखादा भोपळा पाच वेळा विकला जातो, कारण घेणारा तो पुन्हा दान करतो. माझ्या लहानपणी वेदीसमोर ज्वारीची कणसे असत, मुगाच्या शेंगा, अंबाडी, तीळ, जवस, कपाशीची पहिली वेचणी, बोरे, एखादी कलकलाट करणारी गावरान कोंबडी. काही वर्षांपूर्वी गेलो तेव्हा सोयाबीनचे तीन कट्टे होते, थोडी तूर होती आणि बाकी पैशांची पाकिटे. ज्वारीचे कणीस एकही नव्हते. विचारले तर कळले, ज्वारी कोणी पेरतच नाही. पाखरे आणि डुकरे ठेवत नाहीत, आणि राखणीला माणूस नाही.

ते ऐकून मला उत्पत्तीचा दुसरा अध्याय आठवला नाही, तो घरी परतताना एसटीत आठवला.

वऱ्हाडात ख्रिस्ती माणसे मूठभर. अमरावती काय, अकोला काय, लोकसंख्येत आमचे प्रमाण एक टक्काही नाही. अकोल्यात १८८०च्या दशकात मार्कस आणि जेनी फुलर हे अमेरिकन मिशनरी दांपत्य आले. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात मिशनांनी अनाथ मुलांना आसरा दिला, अन्न दिले. इकडे मेळघाटात चिखलदऱ्याजवळ मरियमपूर हे गाव नावावरूनच आपली ओळख सांगते. रोमन कॅथलिकांचा अमरावती धर्मप्रांत १९५५ साली झाला. शाळा, दवाखाने, कुष्ठरोग्यांची सेवा हे काम मोठे झाले आणि त्याबद्दल मी अभिमानाने बोलेन. पण दुष्काळ केवळ आकाशातून पडत नाही. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, वऱ्हाडचा कापूस परदेशी गिरण्यांकडे जाऊ लागला, धान्याची वावरे आणि चराईची राने कपाशीखाली गेली. दुष्काळात त्याची किंमत गरिबांनी मोजली. लक्ष्मण सत्या या इतिहासकाराने वऱ्हाडातल्या कापूस आणि दुष्काळावर एक अख्खा ग्रंथ लिहिला आहे. भुकेल्याला भाकरी देणारे हात पुष्कळ होते, जमिनीचे असे का झाले हे विचारणारे थोडे. तसे विचारणारी माणसे मराठी मुलखात पुढे झाली आणि त्यांतल्या एकाबद्दल मला जरा सविस्तर सांगायचे आहे.

हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडचे. येशूसंघाचे धर्मगुरू म्हणून १९४८ साली भारतात आले आणि अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, त्यांनी आयुष्य घालवले. लोक त्यांना बाखर बाबा म्हणत. पावसाच्या छायेतला तो मुलूख. विहिरी खोदून दिल्या, पंप दिले, पुढच्या दुष्काळात पुन्हा सगळे कोरडे. तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की पाणी विहिरीत नसते, ते डोंगरावर असते. डोंगर उघडा असेल तर पाऊस माती घेऊन पळून जातो. मग माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम करायचे. आधी वरच्या उतारावर समतल चर, झाडे, गवत, मग मधल्या वावरांना बांध, आणि सर्वांत शेवटी ओढ्यावर बंधारा. भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमामागे त्यांची खटपट होती, आणि १९९३ साली क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, म्हणजे ‘वॉटर’ ही संस्था उभी केली. गावाने श्रमदान केल्याशिवाय पैसा नाही, आणि चराईबंदी, कुऱ्हाडबंदी पाळल्याशिवाय काम नाही, अशी शिस्त. २०२१ साली बाखर बाबा वारले.

संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत १९९६ ते २००१ या काळात असे काम झाले. पूर्वी उन्हाळ्यात गाव टँकरवर जगायचे, ते थांबले. ही गोष्ट यशकथा म्हणून पुष्कळांनी सांगितली आहे. मला तिच्यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो. चराईबंदीचा पहिला फटका कोणाला बसला? ज्यांच्याकडे जमीन नाही, शेळ्या-मेंढ्या आहेत, त्यांना. डोंगर हिरवा होणार, विहिरींना पाणी येणार, ते पाणी जमीनवाल्याच्या पिकाला मिळणार आणि त्यासाठी मेंढपाळाने आपली जनावरे विकायची! तिथे यावर बोलणे झाले आणि सगळे रान एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करायचे ठरले. काइन शेतकरी होता आणि हाबेल मेंढपाळ, हे मी मघाशी सांगितलेच.

असेच काम वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वेगळ्या तऱ्हेने केले. ते मराठीतले नामवंत लेखक, २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. वसईच्या केळीच्या बागा आणि गोड्या पाण्याच्या विहिरी बिल्डरांच्या आणि टँकरच्या धंद्यात संपू लागल्या तेव्हा त्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या रूपाने लोक उभे केले. ख्रिस्ती आणि हिंदू दोघेही. धर्मगुरूने चर्चमध्ये बसावे, मोर्च्यात काय काम, असे त्यांना ऐकवणारे निघालेच. २०२४ च्या जुलैत ते गेले.

आणि २०१५ च्या जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. नाव असिसीच्या संत फ्रान्सिसच्या एका स्तोत्रातून घेतलेले. याच संताला १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी पर्यावरणाचा आश्रयदाता संत जाहीर केले होते, आणि गंमत म्हणजे तशी सूचना १९६७ च्या त्या लेखात लिन व्हाइटनेच केली होती. पोप फ्रान्सिस २०२५ च्या एप्रिलमध्ये वारले. मी कॅथलिक नाही. पण त्या परिपत्रकातला मुख्य मुद्दा मला मान्य आहे, की पृथ्वीची हाक आणि गरिबाची हाक वेगवेगळी ऐकताच येत नाही.

आता आमच्या घरातल्या वादाकडे येतो. आमच्यातले काही जण म्हणतात, हे जग एक दिवस अग्नीने नष्ट होणार असे शास्त्रात आहेच, मग झाडे लावून काय करायचे? आत्मे वाचवा. त्यांना मी एवढेच विचारतो, की जलप्रलयानंतर देवाने नोहाशी करार केला तो फक्त नोहाशी होता का? उत्पत्तीचा नववा अध्याय काढून पाहा. तिथे तारवातून बाहेर पडलेल्या प्रत्येक जिवाशी, पाखरांशी, गुरांशी, रानच्या पशूंशी करार आहे, आणि ते पुन्हा पुन्हा सांगितले आहे. ज्यांच्याशी देवाने करार केला त्यांना आपण सामान समजायचे कसे? दुसरे काही जण म्हणतात, झाडांचे प्रेम हे आपले नाही, ते इतरांचे, त्यात निसर्गपूजा शिरते. त्यांनी नारायण वामन टिळकांची आठवण ठेवावी. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीला महाराष्ट्र फुलामुलांचा कवी म्हणूनच ओळखतो, आणि जखमी पाखरावरची त्यांची कविता कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केली. शिवाय या वऱ्हाडात गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन जे शिकवले, ते शिकायला आम्हाला धर्म आडवा का यावा?

एवढे बोलल्यावर एक गोष्ट न सांगता उठणे बरे नव्हे.

काही वर्षांपूर्वी मी ज्या मंडळीचा पंच होतो तिथल्या आवारात एक चिंच होती. मिशनच्या जुन्या आवारांत असते तशी, दोघांच्या कवेत न मावणारी. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की उपासनेनंतर सगळे तिच्याखाली थांबत. लग्नाचे जेवण तिच्याखाली व्हायचे. रस्त्याच्या कडेला दुकानांचे गाळे काढायचे ठरले, कारण इमारतीच्या दुरुस्तीला पैसा नव्हता आणि भाड्याचे उत्पन्न हवे होते. कारण खरे होते. चिंच मधोमध येत होती. रीतसर परवानगी काढली, ठराव केला, सहा पंचांनी सह्या केल्या. त्यात माझी सही आहे. कोणी विरोध केला नाही, मीही नाही. झाड पडायला दोन दिवस लागले. पहिल्या संध्याकाळी बगळ्यांचा थवा आला आणि अर्ध्या फांद्यांवर बसायला जागा शोधत राहिला.

बदल्यात आम्ही दहा रोपे लावली. पर्यावरण दिन होता, पाळकांनी प्रार्थना केली, फोटो काढले, वर्तमानपत्रात बातमीही आली. पुढच्या मे महिन्यात मोजली तर तीन उरली होती. पाणी कोणी घालायचे हे कोणीच ठरवले नव्हते. मशागत झाली होती, राखण राहून गेली होती.

त्या वर्षी आम्ही पुन्हा सात रोपे लावली, निंब आणि करंज. या वेळी फोटो नाही, वही केली. वहीत घरांची नावे आणि वार. शब्बाथ शाळेची मुले रविवारी, बाकी दिवस एकेक घर. जनावरांपासून जपायला बाभळीच्या काट्यांचे कुंपण, तेही दर महिन्याला नवे. चार उन्हाळे झाले. दहापैकी नऊ रोपे जगली आहेत. एक बकरीने खाल्ले, त्या दिवशी वहीत नाव कोणाचे होते ते मी सांगणार नाही. माझी पाळी मंगळवारची. नळ दिवसाआड येतो आणि तो मंगळवारी येईलच असे नाही, म्हणून सोमवारी रात्री दोन डबक्या भरून ठेवाव्या लागतात.